जुना फार्मॉल ट्रॅक्टर वजन ओढण्याच्या शर्यतीला उतरवताना

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या जत्रांमध्ये जुने ट्रॅक्टर वजनाची घसरगाडी ओढतात. माझा फार्मॉल एम 1951 चा. हे मॉडेल 1939 ते 1952 मध्ये निघालं. तयारी करताना आधी रंगाच्या नादी लागू नका. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा, ठिणगी पाडणारे प्लग-पॉइंट साफ करा, क्लच घसरत नाही ना ते तपासा.

खरा खेळ मागच्या हुकाचा, ज्याला घसरगाडीची साखळी अडकवतात. बऱ्याच ठिकाणी जुन्या गटात त्याची उंची जास्तीत जास्त 20 इंच चालते. सपाट फरशीवर, वजनं लावून, टायरची हवा ठरवूनच मोजा. टायरची हवा काढली की हूकही खाली येतो. हूक जितका वर, तितका मागच्या चाकांवर भार जास्त, पण ट्रॅक्टरचं तोंडही लवकर उचलतं. म्हणून पुढे वजनं टांगायची. वजनकाट्यावर बहुतेक ठिकाणी तुमचंही वजन धरतात, पोटभर जेवून जाऊ नका!

मागे व्हीली बार, म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटू नये म्हणूनचे दांडे, लावायलाच हवेत. साखळी हळू ताणा, मगच थ्रॉटल. घसरगाडीवरची वजनाची पेटी पुढे सरकते, ओझं वाढतं. पुढची चाकं थोडी तरंगली तर चालतं. फार उचलली तर लगेच क्लच दाबा.