जुनी साब ९-३ पारखताना: सेडान आणि कन्व्हर्टिबल कशी तपासावी

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये कमी पैशांत चांगली युरोपियन गाडी शोधताना साब ९-३ हे नाव हमखास समोर येतं. आरामशीर आसनं, दमदार टर्बो इंजिन, भक्कम स्वीडिश बांधणी, आणि किंमत त्याच वर्षाच्या जर्मन गाडीपेक्षा बरीच कमी. ती कमी का, हे घेण्याआधी समजून घ्या. स्वीडनच्या ट्रॉलहेटनमधली साब ऑटोमोबाइल कंपनी १९ डिसेंबर २०११ रोजी दिवाळखोरीत गेली. तेव्हापासून गाडीमागे शोरूम नाही. सुटे भाग ओरिओ या कंपनीकडून (आताचं नाव हेडिन पार्ट्स) मिळतात, आणि बाकी भिस्त मोजक्या स्वतंत्र मेकॅनिकांवर.

म्हणून ही गाडी पारखण्याचा क्रमही वेगळा ठेवावा लागतो. गाडी जनरल मोटर्सच्या काळातली, ओपेल व्हेक्ट्राच्या सांगाड्यावर उभी केलेली. त्यामुळे इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक यांचे भाग आजही मिळतात आणि कुठलाही शहाणा मेकॅनिक ते बदलू शकतो. पैसा जातो तो किल्ली, इलेक्ट्रॉनिक्स आणि कन्व्हर्टिबलचं छत यांत. बहुतेक जण बोनेट उघडून सुरुवात करतात. इथे बोनेट नंतर.

१. जाहिरात बघतानाच गाडी ओळखा

इथे विचार दुसऱ्या पिढीच्या ९-३ चा आहे: सेडान २००३ च्या मॉडेलपासून, कन्व्हर्टिबल २००४ पासून. चेसिस नंबर वायएस३एफ या अक्षरांनी सुरू होतो. त्याआधीची ९-३ (हॅचबॅक आणि तिचं कन्व्हर्टिबल) ही वेगळीच गाडी आहे. तिच्या इंजिनात ऑइलचा गाळ साचण्याचा मोठा प्रश्न होता. त्या गाडीबद्दलचे सल्ले या गाडीला लावू नका.

चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन सर्व प्रकारांत २.० लिटरचंच आहे. युरोपात मागे ‘१.८टी’ लिहिलेलं असलं तरी आतलं इंजिन दोन लिटरचं, फक्त ताकद १५० अश्वशक्तीवर आणलेली. लहान टी-ची ‘2.0t’ १७५ ची आणि मोठ्या टी-ची ‘2.0T’ २१० ची. २००६ पासून एअरो प्रकारात २.८ लिटरचं व्ही-६ टर्बो मिळालं, साधारण २५० अश्वशक्तीचं. चालवायला ते फार सुंदर, पण टायमिंग चेन ताणली जाणं, व्हॅक्यूम पंपाच्या जोडातून ऑइल गळणं, आणि जागा इतकी अडचणीची की मजुरीच दुप्पट. ऑइल बदलल्याच्या सलग पावत्या असतील तरच व्ही-६ कडे वळा. पहिल्यांदा साब घेणाऱ्याने २.० लिटरचीच घ्यावी.

फोनवर तीनच गोष्टी विचारा. किल्ल्या किती? छत आज चालतं का? ऑइलच्या पावत्या आहेत का? आणि सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.

२. कागद

अमेरिकेत टायटल (मालकीचा कागद) ‘सॅल्व्हेज’ म्हणजे मोडीत काढलेली किंवा ‘फ्लड’ म्हणजे पुरात बुडालेली असं असेल तर किमतीचा मोह सोडा. या गाडीतलं सगळं काही एकमेकांशी बोलणाऱ्या मॉड्यूलांवर, म्हणजे छोट्या संगणकांवर चालतं. एकदा पाणी शिरलं की दोष वर्षभर एकामागून एक उगवत राहतात. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सी-न्यूयॉर्क भागातल्या कितीतरी बुडालेल्या गाड्या दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या, म्हणून गाडीचा पत्ता आज टेक्ससचा असला तरी तिचा प्रवास बघा. एनआयसीबी या विमा क्षेत्रातल्या संस्थेच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून चोरी आणि सॅल्व्हेजची नोंद फुकट तपासता येते. ब्रिटनमध्ये सरकारी संकेतस्थळावर नंबर प्लेटवरून एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा, पूर्ण इतिहास दिसतो. दरवर्षी कुठे गंज नोंदला, कुठलं स्प्रिंग तुटलं, सगळं. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ते कागद खरे.

रिकॉल वेगळे तपासा. ड्रायव्हरच्या टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगसाठी २००३ ते २०११ च्या ९-३ गाड्या जनरल मोटर्सने अमेरिकेत २०१६ मध्ये परत बोलावल्या. २००४ ते २०११ च्या कन्व्हर्टिबलसाठी ड्रायव्हरच्या सीट बेल्टच्या ताण-यंत्रणेचा रिकॉल २०१४ मध्ये निघाला. एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की काम झालंय की बाकी आहे ते कळतं. एअरबॅगचं काम बाकी असेल तर ते झाल्याशिवाय गाडी रोजच्या वापरात घेऊ नका.

३. किल्ली

साबची किल्ली स्टिअरिंगजवळ लागत नाही. ती दोन पुढच्या आसनांमध्ये, गिअर लिव्हरच्या मागे लागते. नेमकी तिथेच कॉफी सांडते. खाचेभोवती चिकटपणा किंवा सुकलेले डाग दिसले तर सावध व्हा. मॅन्युअल गाडीत रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय, आणि ऑटोमॅटिकमध्ये पार्कवर आणल्याशिवाय किल्ली बाहेर येत नाही. ती अडखळत असेल तर नोंद करा.

आता आधी बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा आणि पहिल्यांदा सुरू होतानाचा आवाज नीट ऐका (कशासाठी ते चौथ्या भागात). मग सगळ्या किल्ल्या आळीपाळीने लावून प्रत्येकीने गाडी सुरू करा. रिमोटची बटणं, डिकीचं बटण, सगळं दाबून बघा. बटण चालत नसेल तर आधी सेल बदलून पाहा. सीआर२०३२ हा घड्याळजीकडे मिळणारा सेल आहे. पण किल्ली एकच असेल तर किंमत तिथेच उतरवायला हवी. हातात एक चालू किल्ली असताना दुसरी नोंदवता येते. सगळ्याच हरवल्या तर स्टिअरिंगच्या दांड्यावरचं सीआयएम नावाचं मॉड्यूल बहुधा बदलून नव्या किल्ल्यांशी जोडावं लागतं, आणि हा खर्च स्वस्तातल्या गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

हेच सीआयएम स्वतःहून बिघडतं तेव्हा डॅशवर ‘स्टिअरिंग लॉक मालफंक्शन’ असा संदेश येतो, किंवा किल्ली फिरते पण गाडी तिला ओळखत नाही. ‘कधीतरी दोनदा फिरवावी लागते, बाकी काही नाही’ असं विक्रेता म्हणाला तर ती खरी तक्रार समजा.

इलेक्ट्रॉनिक्स बघताना रेडिओ लावा. २००७ पूर्वीच्या गाड्यांमध्ये रेडिओ, अँप्लिफायर, सीडी चेंजर हे प्रकाशतंतूच्या एका साखळीत जोडलेले आहेत. त्यातला एक भाग मेला की सगळीच साखळी गप्प होते, आणि इंडिकेटरची टिकटिक व बेल्टची घंटीही त्याबरोबर जाऊ शकते. इंडिकेटर लागतोय पण आवाज नाही, असं दिसलं तर कारण बहुधा तिथेच आहे. मागच्या दिव्यांचे बल्ब होल्डर काढून बघा. तिथे जळकट काळपट डाग नेहमी आढळतात, पण हे काम स्वस्त आहे.

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून दोष वाचणारं यंत्र) इंजिनाचे कोड दाखवेल. पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसिंग, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. पण छत, एअरबॅग, सीआयएम यांचं काही कळणार नाही. त्यासाठी साब कार्ड घातलेलं टेक-२ हे जनरल मोटर्सचं तपासणी यंत्र आणि त्याला जोडलेलं कॅन्डी मॉड्यूल लागतं. ते ज्याच्याकडे आहे असा मेकॅनिक आधी शोधा, मग गाडी शोधा. जवळपास तसा माणूस नसेल तर दुसरी गाडी बघितलेली बरी.

४. बोनेट उघडा, इंजिन थंड असताना

किल्ल्या लावण्याआधीच बोनेटवर ठेवलेल्या हाताला ते गरम लागलं तर विक्रेत्याने आधीच गाडी सुरू केलेली आहे, म्हणजे सकाळचा आवाज तुम्हाला ऐकवायचा नाही. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत साखळीचा कोरडा खडखडाट आला आणि तो थांबला नाही, तर टायमिंगची किंवा बॅलन्स शाफ्टची (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांची) साखळी झिजलेली असू शकते. हे काम हजार डॉलर-पौंडांच्या घरात जातं.

डिपस्टिक काढा. ऑइल मध्यखुणेच्या खाली असेल तर मालकाने लक्ष दिलेलं नाही. यात जीएम-एलएल-ए-०२५ या दर्जाचं पूर्ण सिंथेटिक ऑइल लागतं, फिल्टरसह साधारण सहा लिटर. ८,००० किलोमीटरला बदललेलं असेल तर चांगलं. ऑइल कॅपखाली पिवळट दुधाळ थर दिसला तर आधी विचारा की गाडी फक्त छोट्या अंतरांसाठी वापरली जात होती का. थंड देशात एवढ्याने घाबरू नका. कूलंटच्या टाकीतही ऑइल दिसलं तर मात्र परत फिरा.

वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा डाग शोधा. या इंजिनात पंप बॅलन्स शाफ्टच्या साखळीवर चालतो. बदलताना साखळीचं चक्र जागेवर धरायला खास हत्यार लागतं, म्हणून मजुरी वाढते. कॉइल प्रत्येक सिलिंडरला वेगळी आहे. एक गेली की गाडी धक्के देते, पण कॉइल आणि प्लग बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्या एका कारणासाठी चांगली गाडी सोडू नका, किंमत कमी करून घ्या.

५. खालून बघितल्याशिवाय सौदा नाही

गाडी लिफ्टवर घ्या. अमेरिकेच्या ईशान्य भागात, कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पुढची सबफ्रेम (इंजिनाखालची आधाराची चौकट), मागचे ब्रेक पाइप, मागच्या चाकांच्या कमानी हे गंजाचे ठिकाण. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सबफ्रेमवर ठोका. घट्ट आवाज आला पाहिजे, पापुद्रे पडता कामा नयेत. पुढच्या कॉइल स्प्रिंगचं शेवटचं वळण तुटलेलं असतं, ते टायरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून दिसतं. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या जोडाशी ब्रेक ऑइलसारखा पातळ ओलावा असेल तर आतला क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेटचा खर्चही त्यातच धरा.

६. कन्व्हर्टिबलचं छत

सेडान आणि कन्व्हर्टिबल यांच्या किमतीतला फरक एका गोष्टीने ठरतो: छत आज, तुमच्यासमोर, पूर्ण उघडतं आणि पूर्ण बंद होतं का. २००९ पर्यंतच्या कन्व्हर्टिबल ऑस्ट्रियातल्या ग्राट्झमध्ये मॅग्ना श्टायरने बांधल्या. बांधणी उत्तम, पण यंत्रणा गुंतागुंतीची: हायड्रॉलिक पंप, सिलिंडर, सेन्सर आणि त्यांचा स्वतंत्र संगणक.

इंजिन सुरू ठेवा, म्हणजे बॅटरी पडणार नाही. डिकी रिकामी करा, कारण छत ठेवायची पिशवीसारखी जागा पूर्ण खाली उतरावी लागते. आता बटण दाबून धरा आणि क्रम बघा. काचा खाली सरकतात, छताची मागची कमान उचलली जाते, मागचं झाकण उघडतं, छत घडी होऊन आत बसतं, झाकण बंद. हे सगळं साधारण २० सेकंदांत व्हायला हवं. कुठे थांबलं ते लिहून ठेवा, मेकॅनिकला दोष त्यावरूनच सापडतो. पंप घुरघुरतोय पण छत हलत नाही, तर हायड्रॉलिक तेल कमी झालंय. डिकीच्या बाजूच्या अस्तरावर आणि गालिच्यावर तेलकट डाग शोधा. छत उघडतं पण बंद होताना कापड आत न वळता सुरकुततं, तर आतले ताणाचे पट्टे सैल झालेत. हा खर्च किरकोळ आहे.

विक्रेत्यांचं ठरलेलं वाक्य आहे, ‘फक्त एक सेन्सर गेलाय’. खरंच तेवढंच असेल तर त्याने तो बदलून घ्यावा. न चालणाऱ्या छताची गाडी घेताना छत कधीच चालणार नाही असं धरून किंमत ठरवा.

मागची काच काचेचीच आहे, गरम होणाऱ्या तारांसह. कापड आणि काच यांच्या चिकट जोडावर बोट फिरवा. जोड एका कोपऱ्यात जरी सुटलेला असेल तर तो पुढे सुटतच जातो. कापडाच्या घडीच्या रेषांवर झीज आहे का, आतून उजेड दिसतो का ते उन्हात बघा.

मग पाणी ओता. बागेचा पाइप किंवा झारी घेऊन दहा मिनिटं, छताच्या पुढच्या कडेवर आणि बाजूच्या काचा जिथे एकमेकींना भेटतात तिथे. नंतर गालिच्यांखाली हात घाला, मागच्या आसनाखाली, डिकीच्या डाव्या बाजूला. डावीकडेच मागचं फ्यूज केंद्र आहे, आणि तिथे पाणी पोचलं तर दिव्यांपासून लॉकपर्यंत सगळं वेड्यासारखं वागतं. कुबट वास लपवायला मालकाने सुगंधी फवारा मारलेला असू शकतो, म्हणून नाकापेक्षा हात आणि टिश्यू पेपर यांवर विश्वास ठेवा.

७. ट्रायल

किमान अर्धा तास, त्यातला थोडा वेळ हायवेवर. ऑटोमॅटिक गाडी पूर्ण गरम झाल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन मोकळं गरगरतं का, धक्का बसतो का ते बघा. थंड असताना हे दोष लपतात. ५-स्पीडला जेडब्ल्यूएस ३३०९ दर्जाचं तेल लागतं. ते कधीच बदललं नसेल तर बदलल्यावर बऱ्याचदा फरक पडतो, पण फरक पडेल या भरवशावर पैसे देऊ नका. पूर्ण पिकअप घेताना टर्बोची सुई सलग चढली पाहिजे. ती लटकून राहिली तर फाटका होज किंवा बायपास व्हॉल्व्ह असू शकतो, आणि दोन्ही स्वस्त आहेत. परत आल्यावर मागच्या चाकांजवळ हात न्या, रिमला चिकटवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम असेल तर हँडब्रेकचा कॅलिपर अडकतोय.

रोज ऑफिसला जाण्यासाठी सेडान घ्या. कन्व्हर्टिबल तेव्हाच, जेव्हा घरात आणखी एक भरवशाची गाडी आहे आणि ही गॅरेजमध्ये ठेवता येते. कुठलीही घेतली तरी किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. पुढे भारतात नेऊ असा विचार असेल तर तो इथेच सोडा. वापरलेली गाडी आणायला तीन वर्षांची मर्यादा आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची अट आहे.

८. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

ऑइल आणि फिल्टर, चारही प्लग, हवेचा फिल्टर, गिअरबॉक्सचं तेल. पंपावर प्रीमियम पेट्रोल भरा. वायपरखालच्या जाळीतली आणि छताच्या झाकणाभोवतीच्या गटारांतली पानं साफ करा. एक किल्ली असेल तर टेक-२ वाल्याकडे जाऊन दुसरी नोंदवून घ्या, आणि ती गाडीत न ठेवता घरी ठेवा.