कॅडचा क्लास लावायला जाताना पिशवीत एक कास्टिंग घेऊन जा

बेळगावच्या आसपासची, खानापूर, येळ्ळूर, कंग्राळीकडची आयटीआय किंवा डिप्लोमा करणारी मुलं भेटली की हमखास विचारतात, "दादा, कॅडचा क्लास कुठला लावू?" कॅड म्हणजे संगणकावर ड्रॉईंग काढणं. मी त्यांना उलट विचारतो, "शिकून कुणाकडे कामाला जाणार? तिथं काय काढायचं आहे?" एवढं सांगता आलं तर क्लास शोधणं फार सोपं जातं. तेव्हा सुरुवात इथूनच करा.

आधी काम, मग सॉफ्टवेअर

घराचे प्लॅन, मंजुरीचे नकाशे, प्लॉटचे लेआउट काढायचे असतील तर ऑटोकॅड पक्कं करा. १९८२ पासून ते चालत आलंय आणि त्याची डीडब्ल्यूजी फाईल आर्किटेक्टपासून कंत्राटदारापर्यंत सगळीकडे फिरते. उद्यमबाग, मच्छेकडच्या फौंड्री (धातू ओतण्याचा कारखाना), हायड्रॉलिक्स नाहीतर मशीन शॉपमध्ये जायचं असेल, तर ऑटोकॅडच्या जोडीला थ्रीडी लागणारच: सॉलिडवर्क्स, क्रिओ किंवा एनएक्स. हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे सुटे भाग तयार होतात, आणि विमान उद्योगात कॅटियाचा वापर मोठा आहे.

यातलं नेमकं कुठलं, हे क्लासवाल्याला विचारू नका. जिथं नोकरी करायची इच्छा आहे अशा दोन-तीन शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत जाऊन विचारा, "तुमच्याकडे ड्रॉईंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये येतं?" माणसं मनापासून सांगतात.

मी हे विचारलं नव्हतं. सहा महिन्यांत सात सॉफ्टवेअर शिकवणारा कोर्स घेतला. मध्येच तीन शिक्षक बदलले. शेवटी सातही सॉफ्टवेअर उघडता यायची, पण कुठल्याही एकात एक भाग धड पूर्ण करता येत नव्हता. एकच घ्या आणि खोल जा. पहिलं नीट आलं की दुसरं उचलायला फार वेळ लागत नाही.

डेमोला रिकाम्या हातानं जाऊ नका

बहुतेक क्लास एक-दोन तास फुकट बसू देतात. त्या दिवशी ओळखीच्या शॉपमधून एखादं लहान कास्टिंग (साच्यात ओतलेला धातूचा भाग) मागून न्या. ब्रॅकेट, फ्लँज, काहीही चालेल. शिक्षकांना नम्रपणे म्हणा, "सर, हे मोजून काढून दाखवाल का?"

मग बघत राहा. ते व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात घेतात का? भोकाच्या कडेपासून मोजतात की मध्यापासून? कच्ची बाजू कुठली आणि मशिनिंग झालेली कुठली, हे विचारतात का? मॉडेल झालं की म्हणा, "चार भोकांची सहा करायची असतील तर?" नीट बांधलेल्या मॉडेलमध्ये एक आकडा बदलला की काम होतं. मॉडेल लाल चुकांनी भरलं, तर त्यांनी नुसतं दिसण्यापुरतं काढलंय. उद्या तुम्हीही तसंच शिकाल.

आणखी एक विचारा: "वरचं दृश्य कागदावर कुठं येतं?" आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते, तिच्यात वरचं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉईंग थर्ड अँगलमध्ये असतं, तिथं ते वर येतं. टायटल ब्लॉकमधल्या (ड्रॉईंगवरच्या माहितीच्या चौकटीतल्या) कापलेल्या शंकूच्या चिन्हावरून हे कळतं. ज्या शिक्षकांना हे चिन्ह दाखवून समजावता येत नाही, त्यांच्याकडून मेकॅनिकल ड्रॉईंग शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चिन्ह चुकीचं वाचलं तर डावा भाग उजवा होऊन बसतो आणि अख्खा लॉट भंगारात जातो.

फौंड्रीच्या कामासाठी तर याहून जास्त पारखून घ्यावं लागतं. माझं पहिलं थ्रीडी मॉडेल मी एका वयस्कर पॅटर्न मिस्त्रींकडे घेऊन गेलो होतो. पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना. त्यांनी चष्मा वर केला, उभ्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे पोरा, हे वाळूतनं वर येणार कसं? बघ की." भिंती सरळ उभ्या होत्या, ड्राफ्ट, म्हणजे भिंतीला थोडा उतार, दिलेलाच नव्हता. साधारण एक ते तीन अंश उतार नसेल तर पॅटर्न काढताना साच्याची वाळू ढासळते. आकसण्याचा हिशोबही मी धरला नव्हता. राखाडी बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे ५०० मिलिमीटरला पाचेक मिलिमीटर. क्लासमध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून डेमोत विचारा: ड्राफ्ट, आकसणं, मशिनिंगची जादा जागा (मशीनवर कापून काढायला ठेवलेला जादा धातू) शिकवणार का?

कुणाकडून शिकायचं?

सरकारी पर्याय आधी बघा. कर्नाटक सरकारच्या टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटरचं, म्हणजे जीटीटीसीचं केंद्र बेळगावात आहे. ही संस्था १९७२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीनं बेंगळुरूत सुरू झाली. शिकण्याच्या जागेला लागूनच यंत्रं असणं हा तिचा मोठा फायदा.

दिवसा शॉपमध्ये डिझाईनचं काम करून संध्याकाळी चार-पाच मुलांना शिकवणारी माणसंही गावात आहेत. माझा कल त्यांच्याकडे झुकतो, कारण सकाळी शॉपमध्ये झालेली चूक संध्याकाळी वहीत येते. मात्र त्यांचं प्रमाणपत्र मिळेलच असं नाही, आणि कामाचा ताण आला की तास बुडतात. बुडालेला तास कधी भरून देणार, हे आधीच ठरवून घ्या.

मोठ्या खासगी संस्थेनं 'अधिकृत केंद्र' असा फलक लावला असेल, तर सॉफ्टवेअर कंपनीच्याच संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. संस्थेचं प्रमाणपत्र वेगळं आणि कंपनीची परीक्षा वेगळी, हेही लक्षात ठेवा. सॉलिडवर्क्सची सीएसडब्ल्यूए ही परीक्षा क्लास न लावताही देता येते.

निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, तिकडेही बघा. रोज तीन तास बसमध्ये घालवून एक तास शिकण्यापेक्षा घरी शिकणं बरं. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क, म्हणजे ऑटोकॅडची कंपनी, आपली सॉफ्टवेअर वर्षभरासाठी मोफत देते, पण त्यावर गिऱ्हाइकाचं काम करायचं नाही. फ्रीकॅड हे थ्रीडी सॉफ्टवेअर तर कायमचं मोफत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. ड्राफ्ट देणं, आकडा बदलून बघणं हा सगळा सराव त्याच्यावर होतो.

मराठी माध्यमातून आलात म्हणून बिचकू नका. इथले शिक्षक कानडी-मराठी मिसळून शिकवतात, आणि फिलेट, चॅम्फर, टॉलरन्स हे शब्द सगळ्यांनाच इंग्रजीतून शिकावे लागतात. नाही कळलं तर पुन्हा विचारा. न चिडता पुन्हा सांगतात का, हेही डेमोतच कळतं.

पैसे देण्याआधी

फी, तास, प्रत्येकाला स्वतंत्र संगणक, सराव किती वाजेपर्यंत, हे सगळं कागदावर लिहून घ्या. सांगितलेल्या फीत १८ टक्के जीएसटी धरलाय का, ते विचारा. हप्त्यांची सोय फायनान्स कंपनीकडून असेल तर ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास सोडला तरी हप्ते चालू राहतात. त्यापेक्षा संस्थेलाच दोन-तीन टप्प्यांत पैसे द्या.

दुसरा टप्पा देण्याआधी एक काम करा. तोवर शिकलेल्यातून एक साधा भाग, बुश किंवा शाफ्ट, मापांसकट कागदावर काढा आणि ओळखीच्या टर्नरमामांकडे ठेवून या. सांगा, "मामा, यावरून बनवता येईल का बघा, काही अडलं तर फोन करा." एखादाच फोन आला तर दुसरा हप्ता खुशाल भरा. तीन-चार आले, तर ते प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहा, कागद शिक्षकांपुढे ठेवा, आणि ते काय उत्तर देतात ते बघून मग पैशांचं ठरवा.