आधी शेजारी बसा, मग मोबाइलचं बोला

मागच्या हिवाळ्यात चोपड्याला शेतात भरताचा बेत होता. तुरकाट्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचली, कळण्याच्या पुऱ्या तळल्या. बारावीतली भाची मात्र 'मला नको' म्हणत बांधावर बसून राहिली. हातात मोबाइल, त्यात बारीक कंबरेच्या पोरींचे रील.

मोबाइल हिसकावू नका. मी शेजारी बसून दोघींचा एक फोटो साधा काढला, एक फिल्टर लावून. दोन्ही मोठे करून पाहिले. फिल्टरनं तिचं नाक बारीक केलं होतं, हनुवटीवरचा तीळ पुसला होता. 'मावशी, हा तर माझा तीळच नाही!' ती म्हणाली. तो तीळ तिच्या आजीचा आहे.

मग इन्स्टाग्रामवर तसं रील आलं की तीन टिंबं दाबून 'नॉट इंटरेस्टेड' करायचं. आपण जिथं थांबतो तेच ते पुन्हा दाखवतं, म्हणून हे रोज करावं लागतं. लाइकचे आकडेही लपवता येतात.

गोरेपणाच्या जाहिरातींबद्दलही सांगा. १९७५ ला आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' थेट २०२० मध्ये निघाला. तोवर कितीजणी स्वतःला कमी समजत राहिल्या!

सगळ्यात अवघड काम घरातलं. लग्नात भेटल्या भेटल्या 'काळी पडली गं', 'जाडी झाली' म्हणणाऱ्या बायकांना तिथंच थांबवा. मी माझ्या सख्ख्या जावेला थांबवलं.

पोर जेवण टाळतच राहिली, जेवून मुद्दाम उलट्या करू लागली किंवा पाळी थांबली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतही.