शीर्षकाचा भलताच अर्थ कसा काढावा

गाजलेल्या पुस्तकाचं, नाटकाचं किंवा सिनेमाचं फक्त नाव घ्यायचं, आतला मजकूर पार विसरायचा आणि त्या नावाला शोभेल असा दुसराच विषय गंभीरपणे मांडायचा, असा हा खेळ आहे. ‘नटसम्राट’ म्हणजे नट-बोल्टचा घाऊक व्यापारी. ‘सही रे सही’ म्हणजे कर्जाच्या अर्जावर कुठेकुठे सह्या करायच्या याची पुस्तिका. एवढं कुणालाही जमतं. पण काही अर्थ ऐकताक्षणी हसू आणतात आणि काही ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात. हा फरक कशाने पडतो ते कळलं, तर अर्थ हमखास जमवता येतात.

पहिली अट सर्वांत महत्त्वाची: भलता अर्थ शीर्षकातल्या एकूण एक शब्दाला लागू पडला पाहिजे. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. कोर्ट म्हणजे टेनिसचं कोर्ट, इथवर थांबलात तर काम अर्धंच झालं. पण टेनिसमध्ये सर्व्हिस होत असताना प्रेक्षकांनी गप्प राहायचं असतं आणि खुर्चीवरचे पंच तशी सूचनाही देतात. म्हणजे ‘शांतता’ बसली, उद्गारचिन्ह बसलं, ‘चालू आहे’सुद्धा बसलं. एकही शब्द लोंबकळत राहिला नाही, म्हणून हा अर्थ पक्का. सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये मनोहर हे माणसाचं नाव धरलं की एक तक्रार अर्ज तयार होतो: ‘मनोहर जागेवर आहे, तरी फाइल पुढे सरकत नाही.’ इथे गंमत मनोहरमध्ये कमी आणि ‘तरी’मध्ये जास्त आहे. नवशिके नेमका असाच छोटा शब्द सोडून देतात.

सुरुवात करताना 15-20 शीर्षकं एका कागदावर लिहा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरा अर्थ माहीत असेल अशीच नावं निवडा, कारण हसू येतं ते दोन अर्थांच्या टकरीतून. एक अर्थ माहीतच नसेल तर टक्कर होणार कशाची? मग प्रत्येक शब्दापुढे त्याचे सुचतील तेवढे अर्थ मांडा आणि शब्दकोश उघडून राहिलेले भरा. ‘चाळ’ म्हणजे राहण्याची इमारत, तसेच पायात बांधायचे घुंगरांचे चाळसुद्धा. त्यामुळे ‘बटाट्याची चाळ’ हाती आली की नर्तकीच्या पायात घुंगरांऐवजी बटाटे ओवता येतात. इथे एक अडचण आहे: घुंगरांचे ‘चाळ’ पुल्लिंगी, शीर्षकातली ‘चाळ’ स्त्रीलिंगी. ‘बटाट्याचे चाळ’ केलंत तर शीर्षक बदललं आणि खेळ मोडला. अक्षर, काना, मात्रा, लिंग, वचन यांतलं काहीही बदलायचं नाही. म्हणून हा अर्थ मोह आवरून सोडून द्यावा.

शब्दाचा दुसरा अर्थ मिळाला नाही तर शब्द तोडून पाहा. मराठीत सामासिक शब्द सलग लिहिले जातात, त्यामुळे चुकीच्या जागी तोडायला भरपूर वाव असतो. ‘दुनियादारी’ची फोड ‘दुनिया दारी’ अशी केली की तीच घरपोच सेवेची जाहिरात: जगातली कुठलीही वस्तू तुमच्या दारी. ‘मानापमान’ न तोडताही जमतं. ‘मान’ हा शरीराचा अवयव धरला की खाडिलकरांचं 1911 मधलं संगीत नाटक उशी निवडण्याचं मार्गदर्शन होतं: जाड उशी घेतल्याने मानेचा कसा अपमान होतो आणि दुसऱ्या दिवशी ती कशी वळायचंच नाकारते.

रूपक शब्दशः घेणं हा सर्वांत सोपा मार्ग, आणि म्हणूनच सर्वांत लवकर शिळा होणारा. ‘वाऱ्यावरची वरात’ म्हणजे ग्लायडरमधून निघालेलं वऱ्हाड. असे अर्थ दहात एक-दोनच ठेवा.

आता अंतर. भलता अर्थ मूळ विषयापासून लांब हवा. ‘सखाराम बाइंडर’ला पुस्तकबांधणीची माहितीपुस्तिका ठरवलंत तर कुणी हसणार नाही, कारण नाटकातला सखाराम खरोखरच बाइंडर आहे. याउलट ‘सिंहासन’ बघा. हे योगासनाचंही नाव आहे: गुडघ्यांवर बसायचं, जीभ पूर्ण बाहेर काढायची आणि घशातून आवाज करत श्वास सोडायचा. सिनेमा आहे 1979 चा, सत्तेच्या खुर्चीसाठी चाललेल्या राजकारणावरचा. आसनाची कृती जशीच्या तशी लिहिली तरी वाचणाऱ्याला जीभ काढून गर्जना करणारी नेतेमंडळी दिसू लागतात. असा अर्थ क्वचित सापडतो. सापडला की त्यावर वेळ घालवावा.

मांडणी 15 ते 40 शब्दांत करा आणि एकच साचा शेवटपर्यंत सांभाळा: वापरसूचना, तक्रार, नोकरीची जाहिरात, निविदा यांपैकी कुठलाही. भाषा त्या साच्याची हवी, विनोदाची नको. ‘एकच प्याला’चा अभिप्राय असा लिहावा: ‘सहांचा संच मागवला होता. खोके उघडल्यावर आत फक्त हेच निघाले. उरलेल्या पाचांचे पैसे परत मिळावेत.’ यात ‘गंमत म्हणजे’ किंवा ‘चक्क’ घातलंत की हवा गेलीच. शेवटी कोटी समजावून सांगणारं वाक्य तर कधीच नको. ती समजावून द्यावी लागत असेल तर शीर्षक बदला.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. मराठीतल्या च, ज, झ यांचे उच्चार दोन-दोन आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचं भांडं, हे कागदावर सारखेच दिसतात, पण बोलताना वेगळे पडतात. अशी शीर्षकं फक्त वाचण्यासाठी ठेवावीत, बैठकीत काढू नयेत.

काही नावांना हात लावू नये. ‘बलुतं’, ‘उपरा’ अशा आत्मकथनांच्या शीर्षकांत लिहिणाऱ्याने आणि त्याच्या समाजाने सोसलेलं दुःख आहे. तिथे शब्दाचे दहा अर्थ निघत असले तरी विनोद कुणाच्या तरी जखमेवर जाऊन पडतो.

बैठकीत खेळायचं तर 6 ते 8 जण पुरेत. प्रत्येकाने 3 चिठ्ठ्या लिहायच्या. वर्णन पुढच्या बाजूला, शीर्षक मागे. वर्णनात शीर्षकातला एकही शब्द येऊ द्यायचा नाही. ज्याची चिठ्ठी त्यानेच वाचावी, म्हणजे विराम योग्य जागी पडतात. बाकीच्यांना ओळखायला 30 सेकंद. ओळखणाऱ्याला 2 गुण, लिहिणाऱ्याला 1. कुणालाच ओळखता आलं नाही तर कुणालाच गुण नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. लिहिणाऱ्याचा तो एक गुण काढून टाकू नका. तो नसला की लोक मुद्दाम अवघड नावं आणतात आणि तिसऱ्या फेरीपर्यंत सगळेच गप्प होतात.