सोलापुरात राहून प्रकाशक संघटनेत काम कसे करावे

सोलापुरातल्या छोट्या शैक्षणिक प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधन, आयएसबीएन या पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचा अर्ज, छापखान्याशी हुज्जत आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांकडची वसुली ही सगळी कामे बहुधा एकाच खुर्चीवरून चालतात, आणि त्यांतले एखादे नीट कसे करतात हे विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नसते. गावाला या कामाची परंपरा नाही, असे नाही. जीवराज जैन ग्रंथमालेच्या, म्हणजे जुन्या जैन ग्रंथांच्या, चिकित्सक आवृत्त्या येथूनच निघाल्या आणि त्यांच्या संपादनाला आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन यांच्यासारखे विद्वान होते. पुढे १ ऑगस्ट २००४ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि क्रमिक पुस्तके व संशोधनपत्रिका काढणाऱ्यांना घराजवळच काम मिळाले. ते करणारी माणसे मात्र एकेकटीच राहिली. हे एकटेपण व्यावसायिक संघटनेत गेल्याने कमी होते, पण वर्गणीची पावती फाइलला लावून स्वस्थ बसल्यास वर्षअखेरीस हाती स्नेहसंमेलनाचा फोटो तेवढा राहतो.

आधी संघटना नेमकी निवडावी. मराठी पुस्तकांचा व्यवहार हा मुख्य धंदा असेल, तर अखिल भारतीय मराठी प्रकाशक संघ किंवा मराठी प्रकाशक परिषद यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे. देशपातळीवर दिल्लीत फेडरेशन ऑफ इंडियन पब्लिशर्स आहे. १८९६ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल पब्लिशर्स असोसिएशनचे सदस्यत्व देशोदेशींच्या संघटनांना मिळते, एकट्या प्रकाशनसंस्थेला नाही, हे अर्ज शोधण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. अमेरिकेतील सोसायटी फॉर स्कॉलर्ली पब्लिशिंग (स्थापना १९७८) व्यक्तीलाही सदस्य करून घेते, मात्र तिथली वर्गणी डॉलरमध्ये असल्यामुळे पहिल्या वर्षी तो मोह टाळलेला बरा.

त्यानंतर संघटनेची घटना, म्हणजे नियमावली, मागवून वाचावी. सदस्यत्व संस्थेच्या नावाने असते की व्यक्तीच्या, मतदान कोण करू शकते आणि नोकरीत असलेल्या संपादकाला प्रतिनिधी म्हणून मालकाचे पत्र लागते का, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. पत्र लागत असेल, तर ते मागताना मालकाला ‘माझा विकास होईल’ असे सांगून उपयोग नाही. कोणती माहिती आणून देणार आणि त्यासाठी कामाचे किती दिवस जाणार, हे सांगितले म्हणजे सही लवकर होते.

पहिल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला भाषण करू नये, इतिवृत्त लिहिण्याचे काम मागून घ्यावे. हे काम कोणालाच नको असते, त्यामुळे ते नवख्याला सहज मिळते. माझ्या पहिल्या इतिवृत्तात मी विक्रेत्यांकडून न विकता परत येणाऱ्या प्रतींच्या विषयापुढे ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढेच लिहिले होते. एका ज्येष्ठ प्रकाशकांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले : ‘कोणी? काय? कधीपर्यंत?’ त्यानंतर प्रत्येक विषयापुढे ठराव, जबाबदार व्यक्ती आणि तारीख असे तीन रकाने करण्याची सवय लागली. लिहिणाऱ्याला बोलणाऱ्याचे म्हणणे समजून घ्यावेच लागते, म्हणून सभा संपल्यावर त्याने शंका विचारली तर कोणी झिडकारत नाही. परत प्रतींचा हिशेब मी अशा शंकांतूनच शिकलो.

दुसऱ्या वर्षी एखाद्या उपसमितीत जावे, आणि जाताना आपल्याला खरोखर येत असलेली एक गोष्ट सोबत न्यावी. सोलापूरच्या संपादकाकडे अशी गोष्ट असतेच. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत आणताना काय बिघडते, हे त्याने रात्री जागून पाहिलेले असते. भूगोलाच्या एका पुस्तकात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ रूपांतरानंतर ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाल्या होत्या, म्हणजे डोंगरात समुद्र शिरला होता आणि दोन मुद्रितशोधनांतून तो तसाच सुटला होता. अशा शब्दांची दोन पानी यादी मी उपसमितीपुढे ठेवली, तेव्हा तोवर नावानेही न ओळखणाऱ्या मंडळींनी ती मागून घेतली.

प्रश्न मांडताना तो एका संस्थेचे गाऱ्हाणे वाटणार नाही, असा बांधावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसी-केअर ही मान्य संशोधनपत्रिकांची यादी बंद केल्यावर नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर आली. अशा वेळी ‘आमच्या पत्रिकेचे काय’ असे विचारण्यापेक्षा, लेख तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची (समीक्षणाची) पद्धत, संपादक मंडळ आणि लेखकांकडून घेतले जाणारे शुल्क कसे जाहीर करावे याचा मसुदा सभेपुढे ठेवावा. प्रकाशन-नीतीसाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘कोप’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे कोणालाही वाचायला खुली आहेत. मसुद्याला त्यांचा आधार घेता येतो.

एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी. चहाच्या वेळी विक्रेत्यांच्या कमिशनचा विषय निघतोच आणि ‘आपण सगळ्यांनी अमुक टक्केच द्यायचे’ असे कोणीतरी म्हणतो. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून किंमत किंवा सवलत ठरवणे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ च्या कचाट्यात येऊ शकते आणि व्यापारी संघटनांना स्पर्धा आयोगाने दंडही केलेले आहेत. अशा बोलण्यात आपण भाग घेऊ नये. बैठकीतच कोणी ते काढले, तर आपली हरकत इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.

अंतराचा बाऊ करू नये. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघाले, तर पुण्यातली दुपारची बैठक आटोपून रात्री घरी परतता येते. दुसऱ्या दिवशी टिपणे थंड होण्याआधी एक पानाचा वृत्तांत लिहून मालकाला आणि गावातल्या दोन-तीन छापखानदारांना द्यावा. मी हे सुरू केल्यावर चारच महिन्यांत एका छापखानदाराने आयएसबीएनची शंका घेऊन माझ्याकडे येणे सुरू केले. त्याने नाव न बदललेल्या दुसऱ्या आवृत्तीला जुनाच क्रमांक छापला होता. मजकुरात मोठा फेरफार असल्याने तिला नवा क्रमांक हवा होता.

स्वतःच्या माहितीपत्रात (बायोडेटात) नुसते ‘संघटनेचा सदस्य’ असे लिहू नये. कोणता मसुदा केला, कोणत्या उपसमितीत किती काळ होतो, ते लिहावे. मुदत संपली की खुर्ची अडवून न बसता अपूर्ण ठरावांची यादी, दूरध्वनी क्रमांकांची वही आणि इतिवृत्तांची फाइल पुढच्या माणसाच्या हाती द्यावी, आणि शक्य असेल तर तो माणूस बार्शी किंवा पंढरपूरचा शोधावा.