चार बाळांचं चित्र आणि माझी पीएचडी

लग्नकार्यात कुणी विचारलं, "सध्या काय करतेस?" तर मी अजूनही अडखळते. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार, म्हटलं की समोरचे मला डॉक्टर समजून गुडघेदुखीवर औषध विचारतात. वैद्यकीय नैतिकता म्हटलं की विषय बदलतात. चित्रांवर काम करते म्हटलं की आईच मध्ये पडते, "तसं नाही हो, ती जेनेटिक्समध्ये आहे." तिन्ही खरं आहे. या तिठ्यावर येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे अधूनमधून फोन येतात. त्यांना तुटक तुटक सांगते ते इथे एकदा सलग लिहिते.

मी आले ती रक्ताच्या बाजूने. एमएस्सीनंतर पूर्व विदर्भातल्या एका संशोधन प्रकल्पात साहाय्यक म्हणून लागले. काम सोल्युबिलिटी चाचणीचं: बोट टोचायचं, थेंबभर रक्त द्रावणात टाकायचं आणि नळीमागच्या काळ्या रेषा दिसतात का ते पाहायचं. द्रावण गढूळ झालं, रेषा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस नुसता वाहक आहे (सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेला) की खरोखर आजारी (दोघांकडूनही आलेला), हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. नव्याने येणाऱ्यांनी हा फरक पहिल्याच दिवशी पाठ करावा. गढूळ नळी बघून एखाद्या आईला "तुमच्या मुलाला सिकलसेल आहे" असं सांगितलं आणि चार आठवड्यांनी तो वाहक निघाला, तर मधले चार आठवडे तिला कुणी परत देत नाही.

चाचणीनंतर समुपदेशन. हातात एक फ्लिपचार्ट होता. वर आई आणि बाबा, दोघेही अर्धे लाल. खाली रांगेत चार बाळं: एक पांढरं, दोन अर्धी लाल, एक पूर्ण लाल. आई-वडील दोघेही वाहक असतील तर मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० आणि पूर्ण निरोगी असण्याची २५. जगभर हे असंच काढतात. मीही पोपटासारखं बोलून दाखवायचे.

एकदा एका बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचा पहिला मुलगा एसएस, म्हणजे आजारी. ती म्हणाली, "एक तर झालं बिमार. आता बाकीचे तीन चांगले निंगतील नं, म्याडम?"

त्या रात्री खूप वेळ झोप लागली नाही. तिचं चुकलं नव्हतं. रांगेत चार बाळं काढली की माणूस ती चार भावंडं म्हणूनच वाचणार. लाल बाळ जन्माला येऊन गेलं, तर उरली तीन. चित्राने तिला खोटं सांगितलं होतं आणि मी त्या चित्रावर बोट ठेवून होकार देत होते. प्रत्येक गरोदरपणात तीच शक्यता नव्याने असते, हे त्या चार्टवर कुठेच नव्हतं. तिने त्या समजुतीवर दुसरं मूल होऊ द्यायचं ठरवलं असतं तर ती संमती माहितीपूर्ण म्हणायची का? माझा प्रबंध खरं तर तिथेच सुरू झाला. विषयाची नोंदणी दोन वर्षांनी झाली, एवढंच.

पुढे आम्ही तुरीचे दाणे वापरले. लाल तूर आणि पांढरी तूर, दोन्ही आमच्या भागात घरोघरी असतात आणि मुठीत धरली तर फरक कळत नाही. आईच्या मुठीत एक लाल, एक पांढरा. बाबांच्या मुठीत तसेच दोन. डोळे मिटून दोन्हीकडचा एकेक दाणा काढायचा, ताटात ठेवायचा, बघायचं, आणि मग परत टाकायचा. सगळा धडा त्या परत टाकण्यात आहे. एका घरात सलग दोनदा लाल-लाल आले तेव्हा सासूबाईंनी स्वतः तिसऱ्यांदा काढून पाहिलं. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानीमनी नव्हती. दाणा दोघांकडून येतो हे सगळ्या घरासमोर दिसल्यामुळे "हिच्याच माहेरचं रक्त खराब" हे वाक्य निदान त्या दिवशी तरी कुणी उच्चारलं नाही.

त्यावरून नवी चित्रपुस्तिका झाली: प्रत्येक पानावर एकच गरोदरपण, त्याच दोन मुठी आणि बाळाची रिकामी आकृती. पान उलटलं की पुन्हा त्याच मुठी.

इथे चित्रकाराबद्दल बोलायलाच हवं. बहुतेक प्रकल्पांत चित्रकाराला शेवटच्या महिन्यात बोलावतात, मजकूर हातात देतात आणि पानामागे पैसे ठरवतात. असं करू नका. अर्ज लिहितानाच त्याच्यासाठी खर्चाचा रकाना ठेवा आणि शोधनिबंधात त्याचं नाव सहलेखक म्हणून घाला. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत "आर्टिस्ट-कम-फोटोग्राफर" असं पदच असायचं. कुठे कुठे अजून आहे. तिथे एखादे काका अॅनॅटॉमीचे तक्ते रंगवत बसलेले दिसले तर त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसा. काय काढायचं नाही, हे मला अशा एका काकांनी शिकवलं.

मराठीत शिकण्यासारखं घरातच खूप आहे. मी वाचनालयात बसून जुने दिवाळी अंक चाळत असे, तेव्हा सहकाऱ्यांना वाटायचं ही कामचुकारपणा करते. पण दीनानाथ दलाल किंवा वसंत सरवटे कथेसाठी रेखाटन करतात तेव्हा ते कथेतला कुठला क्षण निवडतात आणि कुठला मुद्दाम सोडून देतात, हे बघणं म्हणजे माझ्या विषयाचं खरं प्रशिक्षण होतं. शि. द. फडणीसांनी एका शब्दाविना हसवणारी चित्रं काढली, आणि त्यांनीच शाळेच्या गणिताच्या पुस्तकांनाही चित्रं दिली. मला हा योगायोग वाटत नाही. शब्द काढून टाकल्यावर ज्याचं चित्र उभं राहतं, त्यालाच अपूर्णांक समजावता येतात. साहित्यातल्या चित्रांचा अभ्यास हा सजावटीचा अभ्यास आहे असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, चार बाळांचा तक्ता दाखवा.

चित्रं दुसऱ्या तऱ्हेनेही दगा देतात. आमच्या पहिल्या मसुद्यात विळा होता. सिकल म्हणजे विळा, तांबड्या पेशीचा आकार तसा होतो, म्हणून. काही बायांनी तो बघून हे कापणीच्या दिवसांतलं दुखणं असं ठरवलं. गंमत म्हणजे त्या अगदीच चूक नव्हत्या. अतिश्रम, थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. तरीही विळा आम्ही काढून टाकला.

कपड्यांचं प्रकरण जास्त गंभीर होतं. चित्रकाराने मनापासून अभ्यास करून लुगड्याची नेसण, गोंदण, दागिने सगळं हुबेहूब काढलं. गावात पुस्तिका उघडली आणि एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे हा आमचाच आजार का?" विदर्भात सिकलसेल ठरावीक जाती-जमातींच्या नावाला चिकटवला जातो आणि आमचे फॉर्मही जातीचा रकाना पहिल्या पानावर ठेवून त्यात भर घालतात. खरं कारण मलेरिया आहे. ज्या भागांत फाल्सिपेरम हा घातक प्रकारचा मलेरिया पिढ्यान्पिढ्या होता तिथे वाहकांना त्यापासून काही प्रमाणात संरक्षण मिळालं, म्हणून हे जनुक टिकलं. भारतात १९५२ मध्ये ते प्रथम नोंदलं गेलं ते नीलगिरीच्या आदिवासींमध्ये. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठीही ते सापडतं. मग आम्ही कपडे तटस्थ करायचं ठरवलं, तर सगळी माणसं नागपूरच्या बँकेतून आल्यासारखी दिसायला लागली. शेवटी पुस्तिकेत फक्त हात उरले. हातांना जात कमी असते, नसते असं नाही.

आता वंशावळ. जेनेटिक्समध्ये पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, वाहक अर्धा भरलेला, रक्ताच्या नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. पाठ्यपुस्तकं इंग्रजीत, त्यामुळे सगळे 'कझिन'. मराठीत मात्र आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ म्हटल्याबरोबर अर्धा आलेख काढून होतो. मामाच्या मुलीशी लग्न झालंय म्हटलं की दुहेरी रेघ कुठे ओढायची ते विचारावं लागत नाही. मात्र गावाकडे चुलत-मावस सगळेच "भाऊ" असतात, तेव्हा "सख्खा का?" हा प्रश्न दर वेळी विचारा.

नात्यांचा विषय निघाला की मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आल्याच. त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ चा. पण आमच्या क्षेत्रात येणाऱ्याने त्यांची त्याआधीची गोष्ट जाणून घ्यावी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला पीएचडी करत होत्या, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. कवटीची असममिती वंशाशी जोडून दाखवावी, अशी गाइडची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहिलं. पुढे जर्मनीत वंशशुद्धीच्या नावाखाली काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपला आकडा गाइडला नको असेल तर काय करायचं, असं मला विद्यार्थी विचारतात तेव्हा मी ही गोष्ट सांगते आणि गप्प बसते.

वंशावळ कधीही भरल्या अंगणात काढू नका. मूल एसएस आणि वडील पूर्ण निरोगी, असा निकाल येऊ शकतो. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, किंवा तिसरी शक्यता असेल. त्या तिसऱ्या शक्यतेचं काय करायचं हे नमुना घेण्याआधी ठरलेलं असावं लागतं, निकाल हातात आल्यावर नाही.

नैतिकता समितीकडे जाल तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा. सारांश नको, मूळ वाचा. समितीत सात ते पंधरा जण असतात, त्यात एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती घ्यायची, १२ ते १८ मध्ये लेखी, आणि पालकांची संमती घ्यायचीच, ही अनुमती तिच्या जोडीला. सही येत नसेल तर अंगठा आणि निःपक्ष साक्षीदार. आशाताई त्याच प्रकल्पात मानधन घेत असेल तर ती निःपक्ष कशी, हा प्रश्न मला समितीतल्या त्या सामान्य नागरिकाने, एका निवृत्त शिक्षकांनी विचारला. डॉक्टर मंडळींपैकी कुणाच्या तो लक्षात आला नव्हता. याच समितीने आमची चित्रं दोनदा परत पाठवली, एकदा "पोरखेळ वाटतो" या शेऱ्यासह. तिसऱ्यांदा मी तुरीचे दाणे घेऊन गेले.

माहितीपत्रकाच्या मराठीबद्दल काय बोलावं! "सदर संशोधनाकरिता माझ्या जैविक नमुन्याचे जतन करण्यास माझी हरकत नाही." यातलं 'जतन' बायांना छान वाटायचं, कारण जतन म्हणजे काळजी घेणं. वीस वर्षं फ्रीजमध्ये ठेवून त्यावर भलतंच काही तपासलं जाऊ शकतं, हे त्यांना त्यातून कसं कळणार? अमेरिकेत अॅरिझोनात हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. पुढे ते स्किझोफ्रेनियासारख्या विषयांसाठी वापरलं गेलं. प्रकरण २०१० मध्ये तडजोडीने मिटलं, पैसे मिळाले आणि उरलेलं रक्त जमातीला परत द्यावं लागलं. पुढच्या वापरासाठी वेगळी संमती, वेगळ्या पानावर, वेगळ्या चित्रासह घ्या.

कुठून शिरायचं? माझं स्पष्ट मत आहे की तिन्ही विषयांत अर्धवट राहू नये. एका विषयात घर करा, बाकी दोन्हींकडे रोजचं जाणं-येणं ठेवा. डॉक्टर असाल तर मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम ही अतिविशेष पदवी आहे. लखनौच्या एसजीपीजीआय या वैद्यकीय संस्थेतला विभाग त्यात नावाजलेला. विज्ञान शाखेच्यांना जेनेटिक समुपदेशनाचे अभ्यासक्रम आहेत. साहित्य किंवा चित्रकलेकडून येणाऱ्यांनी निदान सहा महिने एखाद्या बाह्यरुग्ण विभागात नुसतं बसावं. वाचायला आणि लिहायला मुंबईहून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स आहे, १९९३ पासूनचं. पैशांचं म्हणाल तर जेआरएफ ही संशोधकांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० अधिक घरभाडं, नाहीतर प्रकल्पावरची कंत्राटं, आणि ती मार्चअखेर संपतात. दोन गाइड असतील तर दोघांची पहिली भेट एकाच टेबलावर घडवा. मी ते केलं नाही आणि वर्षभर दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत राहिले.

सध्या डोक्यात आहे ते कार्डांचं काम. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. तपासलेल्यांना कार्डं मिळतात. लग्न ठरवताना दोन्ही कार्डं जुळवून पाहा, असा सल्ला त्यासोबत येतो. समुपदेशकाने निर्णय सांगायचा नसतो, असं मी शिकले. पोस्टरवर मात्र सरळ "दोन वाहकांनी लग्न टाळा" असतं. कायद्याने गर्भजल किंवा वारेच्या पेशींच्या तपासणीचा मार्ग अशा जोडप्यांना खुला आहे, पण तो कुठल्या पोस्टरवर दिसत नाही. आणि मुलीचं कार्ड मागतात तितक्या सहज मुलाचं मागत नाहीत.

गेल्या महिन्यात एक तरुण दोन कार्डं घेऊन आला, एक त्याचं, एक तिचं. दोन्ही वाहक. टेबलावर ठेवून म्हणाला, "म्याडम, जमते का?" मी ड्रॉवरमधून डबी काढली. पांढऱ्या तुरीला किडा लागला होता. शेजारच्या किराणा दुकानातून पाच रुपयांची तूर आणायला त्यालाच पाठवलं.