एअर-ब्रीदिंग इंजिन: बातमी वाचताना, सेमिनार लिहिताना या चुका टाळा

इस्रोने स्क्रॅमजेटची, म्हणजे बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन वापरून चालणाऱ्या (एअर-ब्रीदिंग) इंजिनाची, चाचणी घेतली की ‘आता रॉकेटला ऑक्सिजनची टाकी नको’ छापाचे मथळे झळकतात. मग तेच वाक्य इंजिनिअरिंगच्या सेमिनार रिपोर्टमध्ये पहिल्याच पानावर जाऊन बसतं. ते आधी खोडा.

टाकी लागतेच. ब्रिटनमधल्या सेबर इंजिनाचा आराखडा बघा. सुमारे २६ किमी उंचीवर, मॅक ५ च्या (ध्वनीच्या पाचपट वेगाच्या) थोडं पुढे, हवा घेणारं तोंड बंद करायचं आणि तिथून टाकीतल्या द्रव ऑक्सिजनवर जायचं, अशी त्याची योजना होती. तेव्हा वेग असतो सेकंदाला साधारण १.६ किमी आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत राहायला लागतात ७.८ किमी. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे कक्षेतल्या वेगाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी हाती आली जेमतेम ४ टक्के. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं नाही, इथे अख्खा हत्ती शिल्लक आहे. अर्थात हा आकडाही उलट्या बाजूने ताणू नका. रॉकेटचं बरंचसं इंधन सुरुवातीलाच जळतं, त्यामुळे वजनातली बचत ४ टक्क्यांपेक्षा खूप जास्त होते.

पण वजन वाचलं म्हणजे पैसा वाचला, हा हिशेब सर्रास चुकतो. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रॉकेटमध्ये सर्वात जड असतो तो ऑक्सिजन, पण तो स्वस्त आहे आणि कमी जागेत मावतो. एक घनमीटर द्रव ऑक्सिजन सुमारे ११४० किलो भरतो, तर तेवढाच द्रव हायड्रोजन ७१ किलो. हवेत वजनाने ऑक्सिजन फक्त २३ टक्के. बाकीचा बहुतेक नायट्रोजन, आणि तोही आत घेऊन तापवावा लागतो. शिवाय साधं रॉकेट शक्य तितक्या लवकर दाट हवेतून बाहेर पडतं. हवेवर चालणाऱ्याला मात्र तिथेच रेंगाळत वेग वाढवायचा असतो. मॅक ६ ला समोरून येणारी हवा अडवली तर ती दीड हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते. वाचवलेल्या ऑक्सिजनचा मोबदला असा उष्णता आणि हवेच्या विरोधातून चुकवावा लागतो.

रॅमजेट, स्क्रॅमजेट आणि सेबर यांची खिचडी करू नका. पहिल्या दोघांत हवा दाबणारा फिरता कॉम्प्रेसर नसतो, म्हणून ती उभ्या जागेवरून सुरू होत नाहीत. रॅमजेटमध्ये हवा ध्वनीपेक्षा कमी वेगाला मंदावते आणि मग इंधन जळतं, स्क्रॅमजेटमध्ये आतूनही ती ध्वनीपेक्षा वेगाने वाहते आणि ज्वलनाला मिलिसेकंदच मिळतात. सेबरमध्ये कॉम्प्रेसर होता. त्याआधी गरम हवा गार करायला मिलिमीटरभर व्यासाच्या, केसाहून पातळ भिंतींच्या हजारो नळ्या. हवेतल्या बाष्पाचा बर्फ होऊन त्या तुंबण्याची भीती, म्हणजे अडचण उष्णतेची तशी थंडीचीही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत या प्रीकूलरने सुमारे १००० अंशांच्या हवेतली उष्णता सेकंदाच्या विसाव्या भागात काढून दाखवली. पण पूर्ण सेबर कधी उडालं नाही, आणि ते बनवणारी रिॲक्शन इंजिन्स कंपनी २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बंद पडली. ‘लवकरच येत आहे’ म्हणणारे जुने लेख अजून सापडतात; तारीख बघा.

सेकंदांचे आकडे एकाच रांगेत लावायचे नाहीत. २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून इस्रोची स्क्रॅमजेट इंजिनं ५ सेकंद चालली. ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या किनाऱ्यावरून डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) एचएसटीडीव्ही या स्क्रॅमजेट चाचणी-यानाने २० सेकंदांहून जास्त ज्वलन टिकवलं. एप्रिल २०२५ मधले १००० सेकंद हे हैदराबादला जमिनीवर, लहान आकाराच्या दहनकक्षाचे. पहिले दोन उड्डाणातले, तिसरा जमिनीवरच्या चाचणी-बाकावरचा. ‘२० वरून १००० वर झेप’ असा आलेख काढलात तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

अपयशाच्या बातमीतही नेमकं काय बिघडलं ते शोधा. जून २००१ मध्ये नासाचं पहिलं एक्स-४३ए हे स्क्रॅमजेट चाचणी-यान गेलं ते त्याला वेग देणाऱ्या पेगॅसस बूस्टरचा ताबा सुटल्यामुळे. स्क्रॅमजेट पेटायची वेळच आली नव्हती. २००४ मध्ये त्याच मालिकेतल्या दोन यानांनी अनुक्रमे मॅक ६.८ आणि ९.६ गाठलं. सुरुवातीचा वेग तेव्हाही पेगॅससनेच दिला होता.